सरासरीची बाग

दरडोई हिरवं क्षेत्र वाढलं म्हणजे सगळ्यांना बाग मिळाली, हा शहरातल्या बागांवरच्या तुमच्या लेखातला हिशेब पटला नाही. शहराच्या कडेला मोठं जंगल असलं की सरासरी फुगते. दाट वस्तीतल्या पोरांना त्याचा काय उपयोग? त्यापेक्षा शहरी झाडांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेनडाइक यांचा ३-३०-३०० नियम बरा: घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के वृक्षछाया असावी, ३०० मीटरच्या आत बाग असावी. पण हे अंतर नकाशावर सरळ रेघ मारून मोजलं, की गडबड झालीच. बागेची भिंत समोर, फाटक मात्र पलीकडच्या अंगाला, मध्ये दुभाजकाचा रुंद रस्ता. काठी टेकत निघालेल्या आजींना किती चालावं लागतं, ते मोजा ना! शिवाय बाग झाली की अनेकदा आसपासची घरभाडी चढतात आणि जुने भाडेकरूच हलतात. त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.