मध तळाशी गेला म्हणून शुद्ध ठरत नाही

दर हिवाळ्यात मधाचा एक संदेश इंदूरभर फिरतो. आधी घरच्या ग्रुपवर येतो, मग सोसायटीच्या, आणि यंदा आमच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: शुद्ध मध जड असतो, म्हणून पाण्यात सोडला की सरळ तळाशी जाऊन बसतो आणि विरघळत नाही, भेसळीचा मध लगेच पाण्यात मिसळतो. शुद्ध मधात बुडवलेली वात पेटते. ताटलीतल्या शुद्ध मधावर पाणी घालून ती हलवली की पोळ्याची जाळी उमटते. आणि शुद्ध मध कधीच थिजत नाही.

मी नववीला विज्ञान शिकवते. घनतेचा धडा चालू असतानाच हा संदेश आला, म्हणून आम्ही तो वर्गातच तपासायला घेतला. यातल्या एकाही चाचणीत साखरेच्या दाट पाकाची भेसळ पकडली जात नाही. आणि थिजण्याचा मुद्दा तर प्रामाणिकपणे मध विकणाऱ्याच्याच पोटावर पाय आणतो.

आधी जडपणाचं बघू. मध पाण्यापेक्षा जड असतो हे खरंच आहे. पाण्याची घनता, म्हणजे एक मिलिचं वजन, १ ग्रॅम, मधाची साधारण १.४. पण मध जड कशामुळे होतो? त्यात सुमारे ८० टक्के साखरा असतात, त्यामुळे. मग ज्यात तितकीच साखर आहे ते काहीही तितकंच जड असणार. सियागंजातल्या ठोक दुकानातून आम्ही मिठाईवाले वापरतात ते लिक्विड ग्लुकोज आणलं, घरून साखरेचा एकतारी पाक करून नेला आणि दोन्हींत किंचित जळकी साखर घालून मधाचा रंग आणला. चौथ्या वाटीत अर्धा मध, अर्धं ग्लुकोज.

वजन करताना एक काळजी घ्यावी लागते. मध मोजपात्रात मोजून मग दुसऱ्या भांड्यात ओतला, तर बराचसा काचेलाच चिकटून राहतो आणि आकडा चुकतो. म्हणून रिकामं मोजपात्र काट्यावर ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा आणि मध बरोबर मधोमध बारीक धारेने सोडायचा. धार काचेला लागू द्यायची नाही. मग थांबायचं. मधात अडकलेले हवेचे बुडबुडे वर यायला वेळ लागतो आणि ते निघून गेले की पातळी थोडी खाली येते. तेव्हा ५० मिलिच्या रेघेपर्यंत पुन्हा भरायचं. मुलांना एवढा धीर धरवत नाही, पण या प्रयोगात सगळं त्या थांबण्यावरच अवलंबून आहे.

५० मिलि पाणी ५० ग्रॅम भरलं. गोडेतेल ४६, दूध ५१ आणि ५२ च्या मध्ये. एकतारी पाक ६७. मध ७१. लिक्विड ग्लुकोज ७१. आणि अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाचं वजनही ७१ च. चारही वाट्यांतले थेंब पाण्यात सोडले, चारही तळाशी गेले. कुठल्या वाटीत काय आहे हे मुलांना थेंबांवरून ओळखता आलं नाही.

इतकंच काय, मधात सरळ पाणी घातलं तरी तो बुडतोच. समान वजनाचा मध आणि पाणी एकत्र केलं तर मिश्रणात ४० टक्क्यांच्या आसपास साखर उरते आणि घनता १.१८ च्या जवळ येते. म्हणजे अर्धं पाणी घालूनही ते मिश्रण साध्या पाण्याखाली जाऊन बसणार. संदेशातल्या निकषाने तेही शुद्ध.

‘विरघळत नाही’ हा मुद्दा तर सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेणाऱ्या कोणालाही पटू नये. चमचा फिरवला की मध पूर्ण विरघळतो. न ढवळता सोडला तर सावकाश विरघळतो, कारण तो दाट असतो. दाटपणा आणि घनता या दोन गोष्टींची इथे गल्लत झाली आहे, आणि ती दूर करायला एरंडेलासारखं दुसरं उदाहरण नाही. एरंडेल पाण्याच्या कितीतरी पट दाट असतं, बाटलीतून ओघळता ओघळत नाही. ५० मिलि एरंडेल भरलं ४८ ग्रॅम. ते पाण्यावर तरंगलं. मुलांनी आधी तळाशी जाईल असंच पैजेवर सांगितलं होतं. शिवाय दाटपणा ऋतूप्रमाणे बदलतो. इंदूरच्या जानेवारीतल्या सकाळी जो मध चमच्याला धरून बसतो, तोच मे महिन्यात कित्येक पट पातळ होऊन धो धो वाहतो. घनता मात्र फारशी हलत नाही. तीच बाटली हिवाळ्यात शुद्ध आणि उन्हाळ्यात भेसळीची ठरवणारी चाचणी काय कामाची?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घरगुती चाचण्यांची जी पुस्तिका काढली आहे, तिच्यातही मधाचा थेंब पाण्यात सोडायला सांगितलं आहे. थेंब पसरला तर साखरेचं पाणी मिसळलं असावं, असा तिचा रोख आहे, आणि पातळ पाण्याच्या भेसळीपुरता तो ठीक आहे. वातीच्या चाचणीचंही तेच: मधात पाणी जास्त असेल तर वात तडतडते, नीट पेटत नाही. पण आजची भेसळ पातळ पाण्याची नसते, दाट पाकाची असते. थेंब पसरला नाही म्हणून मध शुद्ध, हा उलटा निष्कर्ष संदेशाने स्वतःच्या पदरचा जोडला आहे.

एका पालकांनी विचारलं, ‘मग मॅडम, दुधाला लॅक्टोमीटर लावतात ते काय खोटं?’ खोटं नाही, पण त्यालाही मर्यादा आहे. पाणी घातलं की दुधाची घनता उतरते, हे लॅक्टोमीटर दाखवतो. साय काढली की उलट घनता चढते, कारण स्निग्धांश हलका असतो. आधी साय काढायची आणि मग बेताने पाणी घालायचं, की आकडा पुन्हा जागेवर. म्हणूनच डेअरीत लॅक्टोमीटरबरोबर फॅटही मोजतात. एकट्या घनतेवर दूधही पास करत नाहीत, मग मध का करायचा?

पाकाची भेसळ शोधायला प्रयोगशाळाच लागते, आणि तिथेही ते सोपं नाही. ऊस आणि मका ही झाडं हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने धरतात. मधमाश्या ज्या फुलांवर जातात त्यातली बहुतेक झाडं तशी नाहीत. त्यामुळे कार्बनच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंचं, प्रमाण मोजून उसाची किंवा मक्याची साखर पकडता येते. तांदळाचा पाक मात्र या चाळणीतून निसटतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने १३ ब्रँडचे २२ नमुने तपासल्याचं जाहीर केलं. जर्मनीतल्या प्रयोगशाळेतली एनएमआर चाचणी (चुंबकीय क्षेत्रात रेणूंची ओळख पटवणारी) धरून सगळ्या कसोट्यांवर त्यातले फक्त ५ उतरले. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले, वादही झाला. पण जिथे असली यंत्रं लागतात, तिथे पाण्याचा पेला निकाल देऊ शकत नाही, याबद्दल वाद नाही.

जाळीचा मुद्दा पटकन संपवते. मधाला पोळ्याची आठवण वगैरे नसते. दाट द्रव खाली आणि पाणी वर असताना ताटली हलवली की खळबळीने अशी जाळी उमटते. दाट पाकाचीही उमटते.

आता थिजण्याचं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. मधात मुख्य साखरा दोन, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. ग्लुकोज पाण्यात कमी विरघळतं, म्हणून थंडीत त्याचे दाणे धरतात. ज्या मधात ग्लुकोजचं प्रमाण जास्त, तो लवकर थिजतो, आणि मोहरीचा मध यात सगळ्यांच्या पुढे. आपल्याच राज्यात मुरैना-भिंडकडे हिवाळ्यात मोहरी फुलते तेव्हा शेतांच्या कडेला मधपेट्या मांडलेल्या असतात. तो मध काही आठवड्यांत तुपासारखा पांढरट, रवाळ होतो. चांगला मध असाच वागतो. आणि आपण काय करतो? ‘साखर घातली आहे’ म्हणून बाटली परत करतो, त्या माणसाला ग्रुपवर चोर ठरवतो आणि वर्षभर पातळ राहणारी बाटली विश्वासाने घरी आणतो. ती पातळ राहते ती कधी मध तापवून बारीक गाळल्यामुळे, कधी फुलोऱ्यामुळे, तर कधी त्यात पाक असल्यामुळे. नुसतं बघून यातलं काहीच कळत नाही.

घरात थिजलेली बाटली असेल तर झाकण सैल करून कोमट पाण्यात उभी ठेवा. पाणी हाताला सोसेल इतपतच हवं, उकळतं नको, आणि गार झालं की बदला. दाणे हळूहळू विरघळतात. घाई नसेल तर तसाच पोळीला लावून खा, मुलांना रवाळ मध जास्त आवडतो.