दारव्हा रस्त्यावरचे अश्वबळ

यवतमाळ जिल्ह्यात राहून गाडीचे इंजिन ट्यून करण्याची हौस बाळगणाऱ्याला पहिला शत्रू भेटतो तो ऊन. माझी पोलो एक लिटरची, तीन सिलिंडरची, टर्बोवाली आहे. कंपनीने तिला ११० पीएस (म्हणजे मेट्रिक अश्वबळ) आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकाला मिळणारा पिळाचा जोर, देऊन धाडले. एवढ्यावर समाधान मानणारा माणूस संसारात सुखी राहतो, असे आमच्या घरातल्या सर्वांचे मत आहे. मी मात्र नागपूरला जाऊन तिचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रिमॅप करून, म्हणजे त्यातला आकड्यांचा मॅप बदलून आणला.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टात वायर खोचून ट्यूनरने लॅपटॉप उघडला आणि टर्बोचा बूस्ट म्हणजे हवेचा दाब, इंधनाचे प्रमाण, ठिणगी पडण्याची वेळ हे सारे आकडे, तलाठ्याने फेरफाराची नोंद घ्यावी तशा निर्विकारपणे तो बदलत गेला. गाडी आता १३० पीएसच्या पुढे गेली, असे त्याने जाहीर केले. वॉरंटीचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

हा हिशेब होता ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलचा; ऑक्टेन जितका जास्त, तितके पेट्रोल आपोआप पेटायला नाखूश. आमच्या पंपावर तेव्हा मिळायचे ते ९१. अशा पेट्रोलचे दाबाखालचे मिश्रण ज्वाला पोहोचण्याआधीच आपल्या मनाने पेटते, नॉक सेन्सर तो ठोका ऐकतो आणि ईसीयू ठिणगी उशिरा पाडून ताकद काढून घेतो. त्यात मे महिन्यातली पंचेचाळीस अंशांची हवा मुळातच विरळ, आणि टर्बोने दाबलेली हवा निववणारा इंटरकूलर तिला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. दुपारी मोबाइलवरच्या ॲपमध्ये इनटेकचे, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचे, तापमान साठीच्या पुढे गेलेले दिसते आणि शेजारच्या रकान्यात ठिणगीचे टायमिंग अंशाअंशाने मागे सरकत असते. पैसे मोजून आणलेले घोडे दारव्ह्याच्या अलीकडेच सावली धरून उभे राहतात.

थंडीत पहाटे गाडी खरोखर जोर दाखवते. पण तेव्हा कापसाचा हंगाम असतो आणि जिनिंगकडे निघालेल्या, दोन्ही बाजूंनी फुगलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीमागे तिसरा गिअर टाकण्याचीही सोय नसते. ट्रॉली वळते, तेव्हा गतिरोधक येतो. समृद्धीवर जा, असे लोक सुचवतात. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि तो वेग गाडी रिमॅपच्या आधीही विनातक्रार गाठत होती.

राहता राहिला शर्यतीचा ट्रॅक. नावाजलेले ट्रॅक ग्रेटर नोएडाला, चेन्नईजवळ आणि कोइम्बतूरला. यांपैकी एकही रविवारी जाऊन येण्याजोगा नाही. शिवाय रस्त्याला टॉर्क हवा कमी आरपीएमवर आणि ट्रॅकला ताकद हवी थेट वरपर्यंत, त्यामुळे एकाच मॅपमध्ये दोघांचे समाधान होत नाही. त्याआधी ब्रेकचा प्रश्न असतोच. डॉट ४ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. म्हणूनच जाणते लोक इंजिनाआधी ब्रेक पाहतात.

हे सगळे मी चहाच्या टपरीवर, बॉनेट उघडे पाहून जवळ आलेल्या एका मामांना समजावून सांगितले. त्यांनी ते मान डोलावत शेवटपर्यंत ऐकले.

“सारं बरोबर हाय बापू, पण ॲव्हरेज किती देते?”

मी आकडा सांगितला. मामांनी टोपी सरळ केली.

“मंग त्या नागपूरवाल्यापासून जुनं वापस मांगून घे ना बा.”

ट्यूनर मूळची फाइल जपून ठेवतो आणि मागितल्यास ती परत चढवूनही देतो, हे मी त्यांना सांगितले नाही.