एसइओवाला कसा वापरावा

धंद्याची वेबसाइट झाली, व्हिजिटिंग कार्डावर तिचा पत्ता छापून झाला आणि कुणीतरी सांगितलं म्हणून आता तुम्ही महिन्याच्या बोलीवर एक एसइओवाला, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणणारा माणूस, धरलाय. उत्तम. पण हा माणूस वापरायचा कसा, हे कुणी शिकवत नाही. त्यामुळे काही भोळे मालक चक्क त्याचं ऐकतात. तुमचं तसं होऊ नये म्हणून या सूचना. मॉड्युलर किचनवाल्या एका क्लायंटने नुकत्याच त्या माझ्यावर जवळजवळ सगळ्या वापरल्या, तेव्हा त्या लागू पडतात याबद्दल शंका नको.

पहिल्याच भेटीत 'गूगलवर नंबर एक' लेखी मागा. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलने आपल्या मदतपानांवर लिहून ठेवलंय. पण गूगलला धंद्यातलं काय कळतं! जो एसइओवाला 'हमी देता येणार नाही' म्हणेल त्याला चहा पाजून वाटेला लावा. 'तीस दिवसांत पहिला, नाहीतर पैसे परत' म्हणेल तो आपला माणूस. असे मुबलक आहेत. 'तुमची साइट पाहिली, बऱ्याच चुका आढळल्या' अशा मेल तुम्हाला रोज येतात ना, तेच हे. (साइट तयार व्हायच्या आधीही येत होत्या, ते सोडा.)

काम करून फरक दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते वर्षभर लागतं, हेही गूगलचंच म्हणणं. म्हणून पंधराव्या दिवशी फोन करा.

फोन शक्यतो रात्री साडेदहानंतर.

रँक तपासायचा तो आपल्याच दुकानात बसून, आपल्याच मोबाइलवर. गूगल जागा पाहून उत्तरं देतं, त्यामुळे वर तुम्हीच दिसाल. मग विचारा, 'आपण तर आधीच वर आहोत, तुम्ही नक्की करता काय?' त्यानंतर मेव्हण्याला नागपुरातून तोच शोध घ्यायला सांगा. त्याला तुम्ही दिसणार नाही. नागपूरच्या माणसाला कोथरूडचं दुकान दाखवून गूगलने काय साधावं, हा विचार मनात आणू नका. स्क्रीनशॉट पुढे पाठवा, खाली तीन प्रश्नचिन्हं.

मेटा कीवर्डमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या वाचकाला न दिसणाऱ्या शब्दांच्या यादीत, पुण्यातल्या सगळ्या पेठा भरायला लावा. हा टॅग रँकिंगसाठी आपण बघतच नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. पण तुमच्या मनाच्या समाधानाला काही किंमत आहे की नाही?

लिंकांचा, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटींवरून तुमच्याकडे आणणाऱ्या दुव्यांचा (त्या जास्त तर गूगलवर वजन जास्त), विषय निघाला की 'पाच हजार हव्यात, कशा आणायच्या ते तुम्ही बघा' एवढंच म्हणा. यातली खरी कला अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानांच्या साखळीकडून शिकावी. 'ड्रेसेस' टाका, 'बेडिंग' टाका, गूगलवर ही कंपनी सगळ्यांच्या वर. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने छापलं की यामागे भलभलत्या साइटींवर पेरलेल्या हजारो लिंका आहेत. गूगलने कंपनीला पार खाली ढकललं. कंपनी म्हणाली, आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, आणि आपल्या एसइओ फर्मला घरी पाठवून मोकळी झाली. बघा, एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमलं ते तुम्हाला का जमू नये? लिंका हव्या असतात तेव्हा 'काहीही करा', आणि दंड बसला की 'आम्हाला काय माहीत?'

लेखांवर पैसे घालवू नका, चॅटजीपीटी आहेच. एका रात्रीत दोनशे निघतात, सगळे 'आजच्या धावपळीच्या जगात'ने सुरू होणारे.

आता मुख्य सूचना. साइट नवी करायची असेल तर एसइओवाल्याला कळूच देऊ नका. मुहूर्त पाडव्याचा धरा. काम भाच्याला द्या. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि 'मामा, साइट किती जुनाट वाटते' असं म्हणालाय, आणखी काय पात्रता हवी? भाच्याने जुनी थीम, म्हणजे साइटचा सगळा साचा, उडवावी. प्रत्येक पानाचा पत्ता बदलावा, कारण नवा पत्ता सुटसुटीत दिसतो. जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्याकडे पाठवणारं ३०१ रीडायरेक्ट चुकूनसुद्धा एक लावू नये. म्हणजे घासून घासून जी पानं वर आणली, ती सगळी एका रात्रीत ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही'. 'एल आकाराच्या किचनला खर्च किती' या पानावरून तर निम्म्या इन्क्वायऱ्या यायच्या. ते 'फार वाचायला आहे' म्हणून काढलं! त्या जागी सरकत्या फोटोंचा स्लायडर. पाच फोटो, एकेक आठ एमबीचा, आणि होता नव्हता तो मजकूर फोटोतच छापलेला. अ‍ॅनालिटिक्सचा साइटवर किती जण आले ते मोजणारा कोड जुन्या थीमबरोबर गेला, म्हणजे नुकसान किती झालं तेही मोजायला नको.

आणि या सगळ्याच्या वर ती टिक. साइट ज्यावर बनवलीय त्या वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये, रीडिंगच्या पानावर, एक चौकोन असतो. त्यात टिक केली की सर्च इंजिनांना सांगितलं जातं, ही साइट तुमच्या यादीत घेऊ नका. साइट बनवताना भाच्याने ती केली, बरोबरच केलं. पण साइट सुरू करताना ती काढायची असते हो! एक टिक! ती तशीच ठेवून नारळ फोडला, पेढे वाटले, स्टेटस ठेवलं. त्या पेढ्यांतला एकही माझ्यापर्यंत आला नाही, फोन मात्र आला. 'सर, गूगलचं काही अपडेट आलंय का? एक फोन येत नाही दुकानात.' अपडेट! साइट उघडली तर मला ओळखूच येईना. हे कधी केलंत, विचारलं. 'अहो, फक्त डिझाइन बदललंय. एसइओला हातसुद्धा लावला नाही.'

पासवर्ड मागितला. पासवर्ड भाच्याकडे. भाचा फोन उचलत नाही, त्याची सबमिशन चालू आहेत. एक टिक काढायला मी भाच्याच्या जर्नलवर सह्या व्हायची वाट बघतोय आणि तिकडे रोज एकेक पान गूगलमधून गळतंय. आणि सर्च कन्सोलचा, म्हणजे साइट शोधात किती दिसते ते सांगणाऱ्या गूगलच्या सोयीचा, उताराला लागलेला ग्राफ मलाच पाठवून मलाच विचारतात, 'हे काय चाललंय?'

शेवटची सूचना बिलाची. 'रिझल्ट नाही तर पैसे कसले' म्हणा. बिल दिलं की जीएसटी आम्हाला भरावाच लागतो, तुम्ही पैसे द्या वा देऊ नका; हे तुमच्या सीएलाही माहीत आहे आणि तुम्हालाही. मागच्या बिलावर टीडीएस कापलात, तो अजून माझ्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या उताऱ्यात, दिसत नाही. तोही भाच्याकडे आहे का?

अहो, दुकान दुसऱ्या गल्लीत हलवलं असतं तर जुन्या शटरवर पाटी लावली असती की नाही? मग इथे एक फोन करायला काय झालं होतं? 'साइट बदलतोय, आधी काय बघू?' एवढं विचारलं असतं तर जुन्या पत्त्यांची यादी भाच्याच्या हातात दिली असती, शेजारी बसून रीडायरेक्ट लावून दिले असते, वेगळे पैसेही मागितले नसते. आमच्या धंद्यात लबाड आहेत, ढीगभर आहेत. पण हमी मागून मागून त्यांना पोसलंत तुम्ही, आणि जो खरं सांगतो त्याच्यावर संशय घेता. भाच्यावर माझा राग नाही. पोराला कुणी सांगितलंच नाही. तुम्हाला मी सांगितलं होतं, मेलवर, की मला विचारल्याशिवाय साइटला हात लावू नका. तुम्ही त्यावर अंगठा पाठवला होता.

यादी माझ्याकडे अजून आहे. रीडायरेक्ट लावले तर बरंचसं परत येईल, सगळं येणार नाही, आणि त्याला महिने लागतील. ते पंधराव्या दिवशी विचारायचं नाही. आधी पासवर्ड पाठवा. आणि थकलेलं बिल भरा; ते रँकवर ठरलेलं नव्हतं, कामावर ठरलं होतं, आणि त्या कागदावर सही तुमचीच आहे.