लेआउटच्या मागची जमीन

परवा ऑफिसात एकाने सांगितलं, नागपूरजवळ उमरेड रोडला नव्या लेआउटमध्ये प्लॉट स्वस्त मिळून राहिले, मागे काहीच नाही, सगळी पडीक जमीन आहे, मोकळी हवा. तो वाईट माणूस नाही, आपण सगळेच असं बोलतो. पण ते "मागे काहीच नाही" दोन दिवस झाले डोक्यातून जाऊन नाही राहिलं, म्हणून लिहिते. लांबेल, पण वाचाच.

आमचं गाव नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात. गावाबाहेर आखर, म्हणजे ढोरं जमायची जागा, आणि आखराच्या पलीकडे एक माळ आहे, सातबाऱ्यावर त्याची नोंद झुडपी जंगल. पळस, हिवर, बोरी, येरोनीची काटेरी जाळी, अधेमधे टेंभराचं एखादं झाड आणि बाकी सगळं गवत. दिवाळीनंतर त्यातून चाललं की साडीला, सलवारला कुसळं अशी चिकटतात की घरी येऊन तासभर काढत बसावं लागते. लहानपणी ढोरकी सकाळी आखरावर गावची ढोरं जमा करायचा आणि तिकडेच न्यायचा. मोठी आई पाऊस पडला की पहिल्या आठ दिवसांत तिथूनच तरोट्याची कोवळी भाजी खुडून आणायची, उन्हाळ्यात टेंभरं, हिवाळ्यात बोरं. रोही (नीलगाय), ससे, तितर, घोरपड, कोल्हा हे सगळं मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं, कुठल्या सफारीत नाही. आणि ही जमीन "काहीच नाही" मध्ये मोडते.

आता झुडपी जंगल हा शब्द विदर्भाबाहेरच्यांना कळणार नाही, म्हणून थोडं सांगते. आपण मध्य प्रांतात होतो तेव्हाच्या महसुली नोंदीत गावाची ढोरं चारायला, सरपणाला, निस्ताराला म्हणजे गावाच्या रोजच्या गरजांना जी खुरट्या झाडांची जमीन ठेवली होती तिला हे नाव. १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, आपण मुंबई राज्यात आलो, ती नोंद तशीच सोबत आली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, या सहा जिल्ह्यांत ती पसरलेली आहे. मग १९८० चा वन संवर्धन कायदा आला आणि ही जमीन वनखात्याची की महसूलची हा घोळ जो सुरू झाला तो चाळीस वर्षं संपला नाही. नागपुरातल्या हायकोर्टाच्या इमारतीची जागाही जुन्या नोंदीत झुडपीच होती, सांगा आता.

२२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, तेव्हाचे सरन्यायाधीश गवई साहेबांच्या खंडपीठाने, की झुडपी जंगल हे जंगलच आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी ज्या जमिनी दुसऱ्या कामाला दिल्या गेल्या त्यांना नियमित करायचा मार्ग ठेवला, आणि त्यानंतरच्यांना कडक तपासणी. मला हा निकाल मनापासून पटला. ज्यांची पन्नास वर्षांपासूनची घरं, शाळा, दवाखाने त्या जमिनीवर आहेत त्यांना जंगल कायद्याच्या नावाने उठवणं हा अन्यायच झाला असता. आमच्या गावातही चार-पाच घरं आहेत अशी, ते लोक काही अतिक्रमणवाले बिल्डर नाहीत, त्यांना कोणी साधी पावतीसुद्धा दिली नव्हती कधी.

पण माझी धास्ती वेगळी आहे. सरकारी हिशेबात या जमिनीतले ८६,४०९ हेक्टर "वनीकरणाला अयोग्य" म्हणून वेगळे काढलेले होते. का अयोग्य? तर जमीन मुरमाड, मातीचा थर पातळ, मोठी झाडं वाढत नाहीत. अहो पण ती मोठ्या झाडांची जागाच नाही ना! तिथे गवतच वाढणार, खुरटी काटेरी झुडपंच वाढणार, आणि त्या गवतावर, झुडपांवर जगणारे जीव वेगळे आहेत. चंडोल, धाविक, रातवा, लांडगा, चिंकारा यांना दाट सागवान नको असते, मोकळा माळ लागतो. माळढोक आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे होता, तो घनदाट जंगल तुटून नाही गेला, माळ गेला म्हणून गेला. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशातही झुडपी माळ पडीकमध्येच धरतात, मग ऑफिसातल्या त्या माणसाला मी काय दोष देऊ.

आणि आपण तरी काय करतो, जागा मोकळी दिसली की झाडं लावायला धावतो. हे मी स्वतः केलं आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सीएसआरमधून वृक्षारोपण होतं, जुलै महिना, आम्ही पन्नासेक जण बसने गेलो, हिंगण्याच्या बाजूला असाच एक माळ. जेसीबीने आधीच ओळीने खड्डे करून ठेवले होते, गवत सगळं उपटून बाजूला ढीग. मी रोप घेऊन एका खड्ड्याजवळ गेले तर टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली, अगदी अंगावर आल्यासारखी. खाली पाहिलं तर खड्ड्यापासून हातभर अंतरावर खड्यांमध्ये चार अंडी. खड्यांच्याच रंगाची, काळे-तपकिरी ठिपके, घरटं असं काही नाहीच, जमिनीत थोडी खोलगट जागा, बस. एक अंडं टायरखाली फुटलेलं. मी सुपरवायझरला बोलावलं, तो म्हणाला "ताई, टार्गेट आहे हजार रोपांचं, चला पुढे". मी पुढे गेले. ते मला आजही खाते. पुढच्या मे महिन्यात मी मुद्दाम पाहायला गेले तर रोपांच्या जागी वाळलेल्या काड्या आणि ट्री गार्ड, आणि जिथे खड्डे केले होते तिथे गवतही परत आलं नव्हतं, गाजर गवत माजलं होतं.

म्हणून निकालातल्या एका गोष्टीवर सगळ्यांनी लक्ष ठेवा. कुठे रस्त्याला, खाणीला जंगल गेलं की बदल्यात दुसरीकडे झाडं लावायची असतात. त्या भरपाईच्या लागवडीला झुडपी जमीन वापरायची नाही असं कोर्टाने म्हटलं, पण दुसरी जमीन उपलब्ध नाही असं मुख्य सचिवांनी लिहून दिलं तर परवानगी आहे. हे दार मोठं होऊ नये. एक जंगल खाणीत जाणार आणि त्याच्या नावाने दुसरीकडचा जिवंत माळ जेसीबीने खोदणार, म्हणजे दोन्ही गेले, आणि कागदावर मात्र बरोबरी.

वाघाचं सांगू का? २०१३ मध्ये जय नावाचा वाघ नागझिरा अभयारण्यातून उमरेड कऱ्हांडला अभयारण्यात आला, शंभराहून जास्त किलोमीटर. मधे सलग जंगल नाहीच. शेतं, नाले, रस्ते आणि अशीच झुडपी रानं पार करत आला असणार तो, दिवसा कुठे तरी दडायला त्याला आडोसा लागला असेल की नाही? आपण त्याच्यासाठी ताडोबा वाचवतो, पेंच वाचवतो, मधले तुकडे विकून टाकतो.

पाण्याचंही तसंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि नागपुरातल्या अंबाझरी तलावाचं पाणी लोकांच्या घरात शिरलं. माझ्या मैत्रिणीच्या घरी फ्रिज तरंगत होता, तिच्या आईला शेजाऱ्यांनी पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावर नेलं. त्या पुराची कारणं बरीच आहेत, नाग नदी आपण किती आवळली ते तर डोळ्याने दिसते. पण तलावात पाणी येते ते वाडी-हिंगण्याच्या बाजूने, तिथे जे मोकळं होतं ते आता सिमेंट आहे. गवताच्या मुळांनी धरलेला मुरूम पाणी पितो, सिमेंट रोड नाही पित.

मला विकास नको असं कोणी म्हणू नका. मी स्वतः मनीषनगरात फ्लॅटमध्ये राहते, मेट्रोने ऑफिसला जाते, माझ्या भावाची नोकरी नागपूरच्या मिहान प्रकल्पात आहे. युनोने २०१५ मध्ये जी १७ ध्येयं ठरवली त्यात १५ वं जमिनीवरच्या जीवांचं आहे, २०३० पर्यंतची मुदत आहे, आपल्या देशाने ते मान्य केलं आहे. मग ते आमच्या आखरापलीकडच्या माळालाही लागू आहे ना? आणि उपाय महागडा नाही. खड्डे करू नका, कुंपण घालून गावाला बाहेर काढू नका, चराईची पाळी ग्रामसभेला ठरवू द्या, उन्हाळ्यात आग लागू नये एवढं पाहा. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, ते लोक सांभाळून राहिले ना? गावाच्या ताब्यात दिलं तर गाव वाचवते, पण गावाला आधी माहीत तर पाहिजे की आपल्याकडे काय आहे.

मागच्या रविवारी गावी गेले तेव्हा मोठी आईला विचारलं, माळावर लेआउट पडला तर? ती निवडत होती भाजी, मान वर न करता म्हणाली, "मंग ढोरं काऊन ठेवाची बाप्पा, विकून टाकू." गावात आधीच निम्मी ढोरं राहिली आहेत.

मी तलाठ्याकडे आमच्या गावातल्या झुडपी गटांची यादी मागितली आहे, नकाशासकट. मोठे बाबा येत्या ग्रामसभेत विषय मांडणार आहेत, त्यांनी तसं सचिवाला लिहून दिलं. तुमचं गाव या सहा जिल्ह्यांतलं असेल तर तुम्हीही यादी मागा, अर्ज कसा लिहायचा ते मी मेसेजमध्ये पाठवते. आमची यादी हातात आली की इथेच टाकते.