फुगा नवा आहे, बाटली जुनीच आहे: दुकानाकडून उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण आमच्याकडून घेतलेल्या ॲटोमायझरबद्दल, म्हणजे फुगा दाबून परफ्यूम फवारायच्या जुन्या बाटलीबद्दल, ‘रबरी फुगा नवा, म्हणजे बाटलीही नकली, 1920 च्या दशकातली म्हणून गळ्यात मारली’ असं तुम्ही चारचौघांत लिहिलंत, म्हणून उत्तरही इथेच देतो. जुन्या वस्तूंचं दुकान विश्वासावर चालतं. असं एक वाक्य वाचून गिऱ्हाईक दारातूनच परत जातं.

रबर काचेइतकं टिकत नाही. हवेतल्या ऑक्सिजन-ओझोनने आणि आतल्या परफ्यूमच्या वाफेने ते कडक होऊन तडकतं, नाहीतर चिकट होतं. त्या काळचा फुगा मिळालाच, तरी दाबला की तुकडे पडतात. म्हणून ॲटोमायझर वापरायचा असेल तर फुगा बदलावाच लागतो. तुमच्या बिलावर ‘फुगा, जाळी व गोंडा नवीन’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कृपया एकदा बघा.

बाटलीचं वय फुग्यावरून ठरत नाही. तुमची बाटली अमेरिकेतल्या टोलेडो गावच्या डीव्हिलबिस कंपनीची आहे. डॉ. ॲलन डीव्हिलबिस यांनी घशात औषध फवारायला केलेल्या उपकरणातून ही कंपनी 1888 मध्ये उभी राहिली. परफ्यूमकडे ती 1907 मध्ये, मुलगा थॉमस यांच्यामुळे वळली. काच ती स्वतः बनवत नसे. बाटल्या केंब्रिज, स्टूबेन, फेंटन अशा कारखान्यांकडून यायच्या आणि त्यांवर कंपनी आपलं तोटी-नळीचं टोपण बसवायची. म्हणजे निरनिराळ्या ठिकाणचे भाग जुळवणं हीच मुळात या वस्तूची रीत. तळाशी कंपनीची सोनेरी सही आहे. टेकणाऱ्या कडेवर बारीक, वेडेवाकडे चरे आहेत, आणि मुलामा बोटं लागतात तिथेच विरलाय. आमचा भरवसा या खुणांवर आहे.

आता ‘फवारा येत नाही, थेंब गळतात’ याबद्दल. खसाचं अत्तर भरलं, हे तुम्हीच लिहिलंय. फुगा दाबला की हवा तोटीतून जोरात जाते, नळीच्या वरच्या टोकाशी दाब कमी होतो, द्रव वर चढतो आणि हवेच्या झोतात त्याचे तुषार होतात. हे अल्कोहोलमधल्या पातळ परफ्यूमला जमतं. खसाचं अत्तर काकवीसारखं दाट. ते तोटीत अडकतं आणि थेंबानेच बाहेर पडतं.

अत्तर काढून घ्या. बाटलीत एक तृतीयांश आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला आणि तुषार मोकळे येईपर्यंत फुगा दाबा. बाहेरच्या सोनेरी कामाला ते लागू देऊ नका. तोटीत सुई अजिबात घालू नका; भोक मोठं झालं की कायमचे थेंबच येतात. टोपण पाण्यात भिजवू नका, काचेवर कढत पाणी ओतू नका. परफ्यूमसुद्धा थोडाच भरा. टोपण हवाबंद नसतं, अल्कोहोल उडून जातं आणि चिकट साका नळीत बसतो.

यापुढे अशा सूचनांचा कागद सोबत देण्याचं बघतो. हे घरी करायचं नसेल तर टोपण घेऊन या, साफ करायचे पैसे घेणार नाही. फक्त ‘नकली’ हा शब्द तेवढा काढावा, ही विनंती.