एकच मिनिट!

आमच्याकडे मिनिटाला साठच सेकंद असतात. फक्त मी कॅमेरा हातात घेऊन म्हटलेल्या मिनिटाला किती असतात, याचा अंदाज घरात अजून कुणाला आलेला नाही. परवाच्या सहलीत बायकोने मोबाइलवर वेळ लावून पाहिली. माझं एक मिनिट सव्वीस मिनिटं चाललं. तेवढ्यात मेहुण्याने मोबाइलवर चाळीस फोटो काढले, त्यातले अकरा नातेवाइकांना पाठवले आणि नऊ जणांचे 'मस्त'ही मिळवले. मी अजून क्षितिज सरळ करत होतो.

खरं तर सहल सुरू होण्याआधीच माझी सहल सुरू होते. बाकीचे कपाटातून कपडे काढत असतात, मी बॅटऱ्या चार्जिंगला लावत असतो. दोन शर्ट, चार बॅटऱ्या, तीन लेन्स, फिल्टर, ब्लोअर आणि ट्रायपॉड. लांबचं जवळ आणणारी सत्तर-दोनशेची लेन्स एकटीच दीड किलोच्या आसपास भरते. बायकोने ती हातात तोलून पाहिली आणि काही बोलली नाही. हे तिचं न बोलणं फार जड असतं, म्हणून मीच बोलायला लागलो. म्हटलं, १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. तो साडेतीन किलोच्या वर होता, एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचा, आणि फोटो किती मेगापिक्सेलचा? ०.०१!

"तो तो घेऊन सहलीला गेला होता का?" ती म्हणाली.

मुक्कामी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला मी सगळ्यांना उठवलं. सूर्योदयाच्या आसपासच्या उजेडाला आम्ही लोक 'गोल्डन अवर' म्हणतो. आई त्याला 'झोपेची वेळ' म्हणते. "सूर्य काय घरी उगवत नाही?" असं तिने दोनदा विचारलं. तरी सगळे आले. टोकावर पोचलो, ट्रायपॉड उभा केला, पाय फाकवले, लेव्हल पाहिली आणि कॅमेरा बसवायला गेलो तर प्लेट नाही. ज्यांना हे दुखणं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ट्रायपॉडच्या डोक्यावर कॅमेरा ज्या चपट्या तुकड्याने अडकतो, ती प्लेट. काडेपेटीपेक्षाही लहान. ती घरी, जुन्या कॅमेऱ्याच्या बुडाला घट्ट बसलेली होती. म्हणजे मी तो सगळा लोखंडी पसारा डोंगरावर नुसता फिरवायला आणला होता. पुढचे तीन दिवस आईने तो काठी म्हणून वापरला. तिचं म्हणणं असं, की माझ्या सामानातली ही एकच वस्तू उपयोगाची निघाली.

अशा प्रसंगी माणूस ओरडतो. मीही ओरडलो, "खाली बॅगेत बघा, गाडीत बघा, उजेड चाललाय!" नंतर नाश्त्याला शांत झाल्यावर मी स्वतःच्या बचावासाठी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या नामवंत अमेरिकन फोटोग्राफरला बोलावलं. १९४१ साली न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावाजवळून तो गाडीने चालला होता. उगवलेला चंद्र आणि मावळत्या उन्हात उजळलेले क्रूस दिसल्यावर त्याने गाडी थांबवली आणि बरोबरच्या मित्रावर आणि स्वतःच्या लहान मुलावर 'हे आण, ते आण' म्हणून ओरडत सुटला. उजेड मोजायचं लाइटमीटर काही सापडेना. मग चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती, तिच्यावरून मनातच हिशोब करून त्याने एक फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत ऊन गेलं. तो एक फोटो जगभर गाजला.

"त्याचं मीटर तिथल्या तिथे हरवलं होतं," बायको म्हणाली. "तुझी प्लेट घरी आहे."

त्या टोकावर आणखी दोन फोटोग्राफर होते. आमची जमात एकमेकांचं नाव विचारत नाही, आधी लेन्सकडे बघते. एकाने माझ्या लेन्सच्या हूडवरचा चरा पाहून सहानुभूतीने मान हलवली. दुसरा फिल्मच्या जमान्यातला होता: "आमच्या वेळी रोलमध्ये छत्तीस फोटो, विचार करून काढावे लागत." हे तो बोलत असताना त्याच्या डिजिटल कॅमेऱ्याचा शटर शिवणयंत्रासारखा चालला होता. आमचं सगळं संभाषण आकड्यांत झालं, एखाद्याला वाटावं आम्ही तिजोऱ्यांची सांकेतिक कुलुपं उघडतोय. तिकडे तिघांची कुटुंबं मात्र एका बाकावर कधीच ओळखीची झाली होती. त्यांच्यात काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण अधूनमधून तिघी एकदम आमच्याकडे बघायच्या आणि पुन्हा माना फिरवायच्या.

मग ग्रुप फोटो. पिअर्स बार्न्स आणि निक स्व्हेन्सन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांना २००६ साली गणिताचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं, ते याच कामासाठी. ग्रुपमधल्या कुणाचेही डोळे मिटलेले नसावेत यासाठी किती फोटो काढावेत, हे त्यांनी मांडून दाखवलं. वीसपेक्षा कमी माणसं आणि उजेड चांगला असेल, तर माणसांना तीनने भागा. आमची माणसं सहा, म्हणजे दोन फोटोंत काम व्हायला हवं. मी अठरा काढले. ती दोघं माझ्या आईला भेटलेली नसणार. 'स्माइल' म्हटलं की तिचे डोळे आपोआप मिटतात, फोटो नको असलेल्या माणसासारखे नाही, तर आरतीला उभ्या असलेल्या माणसासारखे. अठराव्याला तिचे डोळे उघडे होते आणि मेहुणा फ्रेममध्ये नव्हता.

पूर्वी स्टुडिओत माणूस हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आकडा लावायचे. मेहुण्यासाठी तो अजून मिळतो का, हे मी बघणार आहे.

रात्री लेकीला मी डागेर या सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच फोटोग्राफरच्या एका फोटोची गोष्ट सांगितली. १८३८ सालचा पॅरिसमधला गजबजलेला रस्ता, पण फोटोत तो ओसाड दिसतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटो उमटायला लागणारा वेळ, काही मिनिटांचा, त्यामुळे चालणारी माणसं, घोडे, गाड्या उमटल्याच नाहीत. फक्त एक माणूस कोपऱ्यावर बुटांना पॉलिश करून घेत थांबला होता, तेवढा उमटला. फोटोत आलेला बहुधा पहिलाच माणूस तो. "आणि तेव्हापासून आजवर," मी आवाज जरा भरदार केला, "फोटोग्राफीने तो वेळ सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाच्याही खाली आणला!"

"मग आपल्याला का थांबावं लागतं?" ती म्हणाली. उत्तर सुचेपर्यंत ती झोपली होती.

शेवटच्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा मी कठड्यावर कोपरं टेकवून, श्वास रोखून उभा होतो. ट्रायपॉड नसला की दुसरा इलाज नसतो. मागे लेकीने आजीच्या काठीवर, म्हणजे माझ्या ट्रायपॉडवर, मोबाइल टेकवून नाइट मोडमध्ये काहीतरी काढलं. माझे सगळे बारा फोटो हलले. तिचा आला. गर्दी सगळी धुरासारखी पुसलेली, बायको एक पिवळट रेघ, मेहुणा दोन ठिकाणी अर्धा अर्धा. आणि मधोमध, वाकलेली पाठ, वर आलेला शर्ट आणि मानेवरचा कॅमेऱ्याचा पट्टा धरून, मी. अगदी शार्प.

"बाबा, तू बूटपॉलिशवाला झालास!"

बायकोने मोबाइल घेऊन फोटो मोठा करून पाहिला. "हा सगळ्यांना पाठव," ती म्हणाली, "आणि आता चला, गाडी थांबलीये."

मी म्हटलं, "एकच मिनिट."