डॉट ईएक्सईचं शेपूट

आमच्या टीममध्ये सगळे लिनक्सवाले आणि विंडोजवर मी एकटा. म्हणून मी गिट बॅश, म्हणजे विंडोजवर लिनक्ससारख्या कमांड टाइप करायची खिडकी, उघडून बसतो, निदान दिसायला तरी आपण त्यांच्यातलेच. काळी खिडकी, डॉलरचं चिन्ह, सगळं तसंच. पण विंडोजच्या प्रोग्रामच्या फाइलनावामागे डॉट ईएक्सई (.exe) नावाचं शेपूट असतं, आणि ते कधी कोणाच्या पायाखाली येईल याचा नेम नाही.

युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजात, शेपटाला कोणी विचारत नाही. फाइल चालवायची परवानगी आहे की नाही हे एका बिटवरून कळतं, आणि आत काय माल आहे ते पहिल्या दोन-चार बाइट्सवरून. विंडोजची ईएक्सई फाइलसुद्धा एम आणि झेड या अक्षरांनी सुरू होते. विंडोजच्या आधीच्या डॉसवर काम केलेल्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं. म्हणजे ओळखपत्र खिशात आहेच, तरी शेपूट हवंच. आणि एवढं हवं असलेलं शेपूट एक्सप्लोरर आपण होऊन लपवतो! आता काय बोलणार.

परवाचीच गोष्ट. जीसीसीला, म्हणजे कोडमधून प्रोग्राम बनवणाऱ्या कंपायलरला, म्हटलं, ‘हिशेब’ नावाचा प्रोग्राम बनव. त्यानं ‘हिशेब डॉट ईएक्सई’ बनवला. फाइलींची यादी दाखवणारी एलएस कमांड नुसती मारली, तर यादीत शेपटासकट नाव. ‘एलएस हिशेब’ मारलं, तर उत्तर आलं ‘हिशेब’, जणू शेपूट कधी नव्हतंच. मग चांदणीच्या जागी काहीही चालेल या हिशेबानं ‘एलएस हि*ब’ मारलं, तर म्हणे अशी फाइलच नाही. ही सगळी सिग्विनच्या घराण्याची रीत. सिग्विन म्हणजे विंडोजवर युनिक्सचा आव आणणारी प्रणाली, गिट बॅश तिच्याच वंशातला. कोणी साधं नाव विचारलं आणि तशी फाइल नसली, तर गुपचूप ईएक्सई पुढे करायची. चांदणीचा नमुना मात्र डिरेक्टरीतल्या खऱ्या नावांशी ताडून बघतात, तिथे ही मखलाशी चालत नाही.

फाइल चालवायची परवानगी देणाऱ्या सीएचमॉड कमांडचं तर विचारूच नका. साध्या टेक्स्ट फाइलवर मारून बघा. तक्रार नाही, परिणामही नाही. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला हॅश आणि उद्गारचिन्ह टाका, की लगेच परवानगीचा एक्स उगवतो.

मेक म्हणजे मेकफाइलमधल्या सूचना वाचून प्रोग्राम बांधणारं साधन. माझा मेक विंडोजचा, त्याला ही घराण्याची रीत ठाऊक नाही. मेकफाइलमध्ये लिहिलंय ‘हिशेब’, तयार होतो ‘हिशेब डॉट ईएक्सई’. त्यामुळे मेक दर वेळी ‘हिशेब’ शोधतो, तो सापडत नाही, आणि बिचारा इमानेइतबारे पुन्हा सगळं जोडायला घेतो. चहा पिऊन यावं, तरी तेच. गिटनं कोणत्या फाइली वगळायच्या त्या यादीत, गिटइग्नोरमध्येही नुसतं ‘हिशेब’, म्हणून माझी ईएक्सई थेट टीमच्या कोडच्या साठ्यात, रिपॉझिटरीत जाऊन बसली.

“अरे, ही बायनरी कोणी टाकली?” लिनक्सवाल्या सहकाऱ्याचा फोन.

“तुझ्याच गिटइग्नोरनं सोडली.”

“माझ्याकडे तर बरोबर चालतंय.”

हे वाक्य त्यांना नोकरीच्या पत्रासोबतच मिळत असावं.

विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल घे, सगळं सुटेल, असा सल्ला मिळाला. तिथे नेमकं उलटं! नोटपॅड उघडायचं तर शेपूट पूर्ण टाइप करा, नाहीतर कमांड सापडत नाही. म्हणजे एका खिडकीत शेपूट ऐच्छिक, शेजारच्या खिडकीत सक्तीचं. लॅपटॉप तोच, फाइल तीच. कुत्र्याचं शेपूट निदान सगळीकडे सारखंच वाकडं असतं.

शास्त्रशुद्ध उपाय आहे. कुठल्या सिस्टिमवर प्रोग्राम बांधायचा ते ओळखणाऱ्या ऑटोकॉन्फमध्ये याच कामासाठी ईएक्सईईएक्सटी (EXEEXT) नावाचं व्हेरिएबल असतं. विंडोजवर त्यात शेपूट भरतं, लिनक्सवर ते रिकामं राहतं. पण एवढ्याशा हिशेबासाठी ऑटोकॉन्फ कोण मांडणार? सहकाऱ्यानं वैतागून मेकफाइलमध्ये सरळ ‘हिशेब डॉट ईएक्सई’ लिहून टाकलं. लिनक्सला काय, नाव काहीही द्या. त्याच्याकडे अस्सल लिनक्सची फाइल डॉट ईएक्सई नाव लावून मजेत चालू लागली.

मग ती त्यानं क्लायंटला मेल केली. क्लायंटही लिनक्सवरच. मेलनं अटॅचमेंट अडवलं: विंडोजला धोकादायक. ती फाइल विंडोजवर चाललीच नसती, हे मेलला कोण सांगणार? सहकाऱ्यानं शेपूट कापून पुन्हा पाठवली, आणि मला निरोप आला, “तुमच्या विंडोजमुळे उशीर झाला.”